अंड्यातून बाहेर आलेलं नाव: अँथनी गोन्साल्विस, मेस्त्रे आणि गिटारचा क्लास

ऐकायला वेळ होत नाही, वाचून घेतो, असं म्हणणारे बरेच आहात. तुमच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. मधले अडखळणं, चहाचे घोट काढून टाकलेत. बाकी जसं बोललो तसंच.

1977 साली 'अमर अकबर अँथनी' आला. त्यात अमिताभ भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर पडतो, कोट-टोपी-छत्री असा अवतार, आणि गाण्यातून आपलं नाव सांगतो. ते गाणं लहानपणापासून आपण सगळ्यांनी गणपतीत, लग्नात, गॅदरिंगमध्ये ऐकलंय. मला कितीतरी वर्षं वाटायचं की अँथनी गोन्साल्विस हे कुठलं तरी गमतीचं, यमकाला बसवलेलं नाव असेल. नाही. तो खरा माणूस होता. गोव्यातल्या माजोर्ड्याचा, 1927 चा जन्म, व्हायोलिन वाजवणारा. आणि गाण्याचे संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल, त्यातल्या प्यारेलालजींचा तो गुरू. पात्राचं आडनाव आधी दुसरंच होतं, प्यारेलालजींनी आपल्या सरांचं सुचवलं, असं सांगतात. शिष्यानं गुरूला दिलेली एवढी मोठी आणि एवढी विचित्र गुरुदक्षिणा हिंदी सिनेमात दुसरी नसावी. देशभर नाव झालं, फक्त माणूस कोण ते कुणालाच कळलं नाही.

हा विषय का घेतला ते सांगतो. मी मिहानमध्ये सॉफ्टवेअरमध्ये आहे, हे जुन्या श्रोत्यांना माहीत आहेच. गेली दोन वर्षं आठवड्यातून दोनदा ऑफिस सुटलं की खापरीहून मेट्रो पकडून गिटार शिकायला जातो. माझे सर संध्याकाळी शिकवतात, शनिवार-रविवार लग्नाच्या संगीतात नाही तर एखाद्या कॅफेत वाजवतात, आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या रचना करतात. तिन्ही कामं एकच माणूस करतो. मला हे आजच्या काळातलं, पोटापाण्यासाठीचं जुगाड वाटायचं. वाचायला लागलो तेव्हा कळलं की ही तर आपल्याकडची निदान चारेकशे वर्षांची पद्धत आहे.

गोव्यात पोर्तुगीज आले, चर्च आलं, आणि सोळाव्या शतकापासून चर्चला लागून पॅरिशच्या शाळा आल्या. तिथे मुलांना धर्माबरोबर संगीत शिकवायचे. शिकवणारा तो मेस्त्रे. आता या मेस्त्रेची नोकरी बघा: मुलांना सोल्फा शिकवायचा, म्हणजे वाद्याला हात लावायच्या आधी कागदावरचे स्वर बघून गाता आलं पाहिजे. मग व्हायोलिन शिकवायचं. रविवारी चर्चमध्ये गायकवृंद सांभाळायचा, सणाला वाजवायचं. आणि नवीन मोतेत, म्हणजे धार्मिक गाणी, लागली तर तीही स्वतःच रचायची. शिकवणं, वाजवणं, रचणं, तिन्ही त्याच पगारात. अँथनीचे वडील माजोर्ड्याच्या चर्चचे असेच मेस्त्रे होते. घरातच शाळा.

आपल्या इकडे हे वेगळ्या वाटेनं झालं. घराण्यातला उस्ताद शिकवायचा, गायचा, बंदिशीही बांधायचा, पण घराच्या आत. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा वर्ग, फी, परीक्षा, स्वरलिपी हे सगळं उघड्यावर आलं. पण मैफिलीचा गवई तो कागद समोर ठेवून गात नाही. कागद आठवणीसाठी, गाणं गळ्यात. गोव्याच्या मेस्त्रेकडे उलट: कागद समोर आला की आधी कधीही न ऐकलेलं तिथल्या तिथे वाजलं पाहिजे.

आणि नेमकी हीच गोष्ट मुंबईत विकली गेली. विकली गेली म्हणजे चांगल्या अर्थानं.

तीसच्या दशकात मुंबईच्या ताज हॉटेलात जाझचे बँड वाजायला लागले. 1935 मध्ये अमेरिकन लिऑन अ‍ॅबीचा बँड तिथे आला, मग टेडी वेदरफोर्ड. गोव्याचे वादक त्यांचं ऐकून, त्यांच्यासोबत वाजवून तयार झाले. बोलपट वाढले, वाद्यवृंद मोठे झाले, तेव्हा स्टुडिओंना नोटेशन वाचणारी माणसं हवी होती आणि ती गोव्याकडे आयती होती. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा. अरेंजर ती स्टाफ नोटेशनमध्ये लिहायचा, व्हायोलिनला काय, चेलोला काय, ट्रम्पेटला काय ते ठरवायचा, प्रत्येकाचा वेगळा कागद निघायचा. मग पूर्ण वाद्यवृंद आणि गायक एकाच वेळी, एकाच टेकमध्ये. एक चुकला तर सगळे पुन्हा. सेबास्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, ही सगळी त्यातली नावं. पडद्यावर नाव आलंच तर सहाय्यक म्हणून. माझ्या धंद्यात सांगायचं तर अर्धा कोड ज्याचा, त्याचं नाव रिलीज नोट्समध्ये नाही.

अँथनी 1943 मध्ये नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायला लागला. म्हणजे सोळाव्या वर्षी! पुढे वादक, मग अरेंजर, आणि सोबत शिकवण्या. पोरगेल्या प्यारेलालला वडिलांनी, रामप्रसाद शर्मांनी, त्याच्याकडे पाठवलं. रामप्रसादजी स्वतः ट्रम्पेट वाजवायचे आणि शिकवायचे, तरी मुलाला व्हायोलिनसाठी दुसऱ्याकडे धाडलं, हे मला फार आवडतं. आर. डी. बर्मनही अँथनीकडे शिकून गेले असं म्हणतात.

पण या माणसाला शिकवणी आणि स्टुडिओ यांवर थांबायचं नव्हतं. रागांवर पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी रचना लिहायच्या, हे त्याचं खरं वेड. फिल्मी गाण्याच्या मधले तुकडे भरणं वेगळं, आणि अख्खी रचनाच रागातून उभी करणं वेगळं. 1958 मध्ये त्यानं स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. विचार करा, दिवसा स्टुडिओत दुसऱ्यांच्या चाली लिहून द्यायच्या आणि आपलं काम ऐकवायचं तर वादक गोळा करण्यापासून सगळं आपणच. 1965 मध्ये तो अमेरिकेला, सिरॅक्युस विद्यापीठात गेला. परतल्यावर फिल्मी दुनियेत पुन्हा रमला नाही, माजोर्ड्याला जाऊन राहिला. जानेवारी 2012 मध्ये तो गेला. शिष्यांची हजारो गाणी आपल्याला पाठ आहेत. गुरूच्या रचनांपैकी एक तरी गुणगुणून दाखवा बरं. मलाही येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात गिटार कुठे आहे बे? बरोबर आहे.

गिटारची आपल्याकडची पहिली मोठी लाट स्पॅनिश नव्हे, हवाईयन. मांडीवर आडवी ठेवायची आणि धातूचा दांडा तारांवरून सरकवायचा. चाळीसच्या दशकात ताऊ मो हे मूळ सामोआचे, हवाईत वाढलेले वादक कुटुंबासह कोलकात्यात राहिले, वाजवलं, शिकवलं. तिथून बंगालात घराघरात हे वाद्य गेलं. मुंबईत व्हॅन शिप्लेनं इलेक्ट्रिक गिटारवर फिल्मी धूनच्या रेकॉर्ड काढल्या, जोडीला अकॉर्डियनवर आपल्या पुण्याचे एनॉक डॅनियल्स. हवाईयनच का रुजली? कारण दांडा सरकवला की मींड निघते. स्पॅनिश गिटारच्या मानेवर पडदे ठोकलेले असतात, सा ते रे जायचं तर पायरीनंच जावं लागतं. तार ओढून थोडं घसरता येतं, पण थोडंच. आपल्या कानाला मींडीशिवाय गाणं अळणी लागतं. ब्रिजभूषण काबरांनी हीच आडवी गिटार थेट रागसंगीतात नेली, 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बरोबरीनं वाजवली. पुढे विश्वमोहन भट्टांनी त्याच घडणीवर मोहनवीणा बनवली आणि 1994 मध्ये ग्रॅमी आणला.

उभी धरायची स्पॅनिश गिटार आपल्याकडे खरी लोकप्रिय केली ती सत्तरच्या दशकातल्या आर. डी. बर्मनच्या गाण्यांनी. 'हरे रामा हरे कृष्णा' 1971, 'यादों की बारात' 1973, दोन्हींतली गाजलेली गिटार भूपिंदर सिंगची, जो गायक म्हणून आपल्याला जास्त माहीत आहे. त्यानंतर कॉलेजच्या प्रत्येक पोराला गिटार पाहिजे झाली आणि गल्लीगल्लीत क्लास निघाले. माझे सर त्या क्लासवाल्यांच्या पुढच्या पिढीचे. पण त्यांनी ज्यांच्याकडे शिकलं ते मात्र मेस्त्रेच्या वळणाचे असावेत, कारण सर पहिले तीन महिने मला नोटेशन वाचायलाच लावून राहिले. मी वैतागून विचारलं, सर, सगळ्या गाण्यांचे टॅब फुकटात मिळतात, हे कशाला? ते म्हणाले, "अरे राजा, टॅब पाहून तू ऐकलेलं गाणं वाजवशील. मी उद्या नवीन काही लिहून दिलं तर कसा वाजवशील?"

तेव्हा मला ते उदाहरणादाखल बोलले असं वाटलं. पण सरांकडे खरोखरच पस्तीसेक स्वतःच्या रचना आहेत. लग्नात त्या कुणी वाजवायला सांगत नाही, कॅफेत दोन ऐकून घेतात आणि मग अरिजितची फर्माईश येते. आणि नोटेशनचा एवढा आग्रह धरणाऱ्या माणसानं स्वतःच्या रचना लिहिल्यात का, तर नाही. सगळ्या एका जुन्या फोनमध्ये व्हॉइस रेकॉर्डिंग म्हणून पडल्या आहेत. बॅकअप नाही. मी ऐकलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. त्या फोनची बॅटरी फुगलेली आहे, मंडळी.

म्हणून गेल्या दिवाळीपासून क्लासचा शेवटचा अर्धा तास आम्ही त्या उतरवून घेतोय. आधी सगळी रेकॉर्डिंग कॉपी केली. आता सर वाजवतात, मी लिहितो, ते माझं लिहिलेलं वाजवून बघतात आणि खोडतात. कोड रिव्ह्यूत मी इतका कधी झोडपला गेलो नाही. फाइली माझ्या गिटमध्ये, प्रिंट त्यांच्या कपाटात. सात झाल्या. आठवी शिवरंजनीच्या अंगाची आहे आणि तिथे अडलंय. एका जागी सर तार ओढून कोमल गंधाराच्या किंचित खाली जाऊन परत वर येतात, ते पाच रेघांत बसेना. मी बाणाची खूण सुचवली, ते म्हणाले किती ओढायचं ते बाण सांगत नाही. त्यांनी देवनागरी स्वरलिपीतली मींडीची कमान वर काढली, तर माझं सॉफ्टवेअर ती छापत नाही. सध्या त्या मात्रेवर पेन्सिलीनं गोल केलाय.