एका मांडवाखाली

माझ्या लहानपणी आमच्या जवळा बाजारला दोन शेजारी होते. एक लाल बावट्याचे, दुसरे समाजवादी. संध्याकाळी एकाच ओट्यावर चहा व्हायचा. पण बेचाळीसचा विषय निघाला की एक जण उठून जायचा. त्यामागचं कारण मला पुढे शाळेत इतिहास शिकवताना उमगलं.

१९४२च्या लढ्यात समाजवादी भूमिगत झाले. सोविएत रशिया युद्धात ओढला गेलेला असल्यानं कम्युनिस्टांनी त्या लढ्याला विरोध केला. ती जखम भरलेली नसताना फेब्रुवारी १९५६मध्ये पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि एसेम जोशी व कॉम्रेड डांगे एका मांडवाखाली आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सोविएत रणगाडे हंगेरीत शिरले. समाजवाद्यांनी निषेध केला, कम्युनिस्टांनी पाठराखण केली. तरी समिती फुटली नाही. १९५७च्या निवडणुकीत तिनं मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला हादरा दिला. आमच्या मराठवाड्यानं आणि विदर्भानं मात्र काँग्रेसला तारलं, हेही सांगितलं पाहिजे. १ मे १९६०ला राज्य मिळालं आणि एकजूट विस्कटली.

जिथे कम्युनिस्टांची सत्ता आली आणि गेली, तिथे हे नातं याहून अवघड झालं. १९४८मध्ये झेकोस्लोव्हाकियात सत्ता हाती आल्यावर कम्युनिस्टांनी तिथला सोशल डेमोक्रॅट पक्ष आपल्यात विलीन करून टाकला. १९८९मध्ये ती राजवट कोसळली. पक्ष पुन्हा उभा राहिला. १९९५च्या बोहुमीन अधिवेशनात त्यानं ठरवलं, कम्युनिस्टांशी राजकीय सहकार्य नाही. पण बहुमताचं गणित जुळेना. २०१८मध्ये आंद्रेय बाबिश यांच्या सरकारात सोशल डेमोक्रॅट बसले आणि त्या सरकारला बाहेरून टेकू कम्युनिस्टांचा होता. २०२१च्या निवडणुकीत दोघांनाही पाच टक्के मतं मिळाली नाहीत. २०२५मध्ये सोशल डेमोक्रॅटांचे उमेदवार कम्युनिस्टांच्या आघाडीच्या यादीतून लढले; तेव्हाही तो उंबरठा ओलांडता आला नाही.

मला यातून एवढंच दिसतं. समितीत भांडण कुणी लपवलं नव्हतं आणि एकत्र कशासाठी आलो, हे गावातल्या पोरालाही ठाऊक होतं. नुसत्या बेरजेसाठी जवळ आलेल्यांना ते लोकांना सांगता येत नाही.

आमच्या त्या दोघांचा बेचाळीसचा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. पण १ मे १९६०ला ओट्यावर गूळ दोघांनी मिळून वाटला होता. मीही त्यातला एक खडा खाल्लाय.