पायलीचे किलो करताना

वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) हे नागपूर-अमरावती मार्गावरील तालुक्याचे गाव. कापसाच्या आणि ज्वारीच्या या मुलखात 'खंडी' या एकाच शब्दाचे दोन अर्थ नांदले. धान्याची खंडी वीस कुडवांची, म्हणजे भांड्याने मोजलेली. कापसाची खंडी 784 पौंडांची, म्हणजे तराजूत तोललेली. कापसाच्या व्यापारात ती आजही सुमारे 356 किलोंची धरली जाते. माप आणि वजन यांतील हे अंतर आपल्या स्वयंपाकघरापर्यंत कसे येऊन पोहोचले, ते येथे पाहू.

खळ्यावर रास मोजताना मापाडी पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणे. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे कोष्टक पूर्वी मुलांना तोंडपाठ असे. परंतु पायली गावोगाव सारखी नव्हती. शिवाय माप सपाट भरायचे की शीग लावून, यावरही देणाऱ्याची दानत आणि घेणाऱ्याचा लाभ ठरे. मजुरी वा बलुते धान्यात मिळे, तेव्हा गरिबाच्या घरची भाकर त्या शिगेवर अवलंबून असे. जुन्या करारातील एफा आणि ओमर हीदेखील अशीच भरून मोजायची मापे होती. खोट्या मापांविरुद्ध संदेष्ट्यांनी आवाज उठवला, तो उगाच नव्हे.

1939 च्या कायद्याने वजनाचा शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅमचा ठरला. चाळीस शेरांचा मण 37.32 किलोंचा झाला. पुढे 1956 च्या कायद्याने दशमान पद्धत आली. 1 ऑक्टोबर 1958 पासून नव्या वजनांचा वापर टप्प्याटप्प्याने सुरू झाला आणि 1 एप्रिल 1962 पासून जुनी वजने कायद्याने बाद ठरली. बाजारातून शेर गेला, तरी आज्यांच्या पाककृतींत तो राहिला.

येथेच चूक होते. आजीने सांगितलेला 'शेर' तराजूचा की मापाचा, हे विचारल्यावाचून आपण त्याचा किलो करून टाकतो. वजनाचा शेर असेल, तर किलोमागे 67 ग्रॅम जास्त पडतात. घरच्या चार माणसांना ते जाणवत नाहीत, मात्र लग्नाच्या पंगतीसाठी मणाचे 40 किलो धरले, तर पावणेतीन किलोंच्या आसपास फरक पडतो. मापाचा शेर असेल, तर प्रश्न अधिक बिकट. एक लिटरच्या भांड्यात तांदूळ सुमारे 800 ग्रॅम मावतो, ज्वारी 750 च्या आसपास आणि सैल भरलेली कणीक जेमतेम 500 ते 550 ग्रॅम. पोहे तर त्याहून कितीतरी हलके. तेव्हा सर्व धान्यांना लागू पडेल असा एकच आकडा असूच शकत नाही.

उपाय साधा आहे. घरातील जुने माप काढावे, ते पाण्याने भरून ते पाणी तोलावे. जितके ग्रॅम, जवळजवळ तितके मिलिलिटर. नंतर माप कोरडे करून त्यात प्रत्येक धान्य सपाट भरून वेगळे तोलावे आणि आकडे वहीत उतरवावेत. शीग लावण्याची घरची रीत असेल, तर तीही नोंदवावी.

मात्र हे काम लांबणीवर टाकू नये. माप मोडीत गेले आणि ते भरणारे हात विसावले, म्हणजे पाककृतीचे शब्द उरतील, चव उरणार नाही. आजी घरात आहे तोवर तिच्या हातून एकदा ते माप भरून घ्यावे, एवढेच आमचे सांगणे.