स्वादाचा चहा आणि शुद्धतेचा आग्रह

चहाच्या दर्दी मंडळींत एक मत इतके रुळले आहे की ते तपासून पाहण्याची गरजच कुणाला वाटत नाही. खरा रसिक नुसत्या पानाचा चहा पितो. मोगरा, बर्गमॉट, पुदिना, दालचिनी हे नवशिक्यांचे चोचले, असे हे मत. त्यामागे तीन हेतू दिले जातात. चहा मुळात निर्भेळ होता, स्वाद नंतर आले. चांगल्या पानाला स्वतःचा गंध असतो, त्याला परक्याची गरज नाही. आणि स्वाद घालतात तो हलका माल झाकायला. पूर्वपक्ष दुबळा नाही. म्हणूनच तो क्रमाने तपासला पाहिजे.

पहिला हेतू इतिहासाचा. त्याचा सर्वांत थोर साक्षीदार म्हणजे 8व्या शतकातला चिनी ग्रंथकार लू यू. कांद्याची पात, आले, संत्र्याची साल, पुदिना असे काहीबाही घालून उकळलेल्या चहाला त्याने आपल्या ‘चा जिंग’ या ग्रंथात गटाराच्या पाण्याच्या पंक्तीला बसवले आहे. पण साक्ष पुरती ऐकावी. लोकांची ही सवय सुटत नाही अशी तक्रारही तो तिथेच करतो. म्हणजे रीत त्याच्या काळी चांगली मुरलेली होती. आणि पाण्याला पहिली उकळी आली की मीठ घाला, असे सांगणाराही लू यूच. पुढे 11व्या शतकात छाय शियांग या दुसऱ्या चिनी ग्रंथकाराने नोंदवले की राजाकडे जाणाऱ्या चहात किंचित भीमसेनी कापूर मिसळत, पण चहा पिकवणाऱ्या जिआनआनचे लोक स्वतःच्या चहात तो घालीत नसत. स्वादाचा आणि बिनस्वादाचा चहा असे शेजारी-शेजारी नांदले आहेत. ‘आधी शुद्ध, मग भ्रष्ट’ हा क्रम इतिहासात सापडत नाही.

दुसरा हेतू पानाच्या स्वयंपूर्णतेचा. चहाचे ताजे पान चुरडून हुंगले तर हिरवट, गवताचा वास येतो. आपण ज्याला चहाचा सुवास म्हणतो तो पान कोमेजवताना, मळताना, हवेशी संयोग होताना आणि भाजताना घडतो. दार्जिलिंगच्या दुसऱ्या बहराला जो द्राक्षासारखा गंध येतो आणि ज्यासाठी शुद्धतावादी भरघोस पैसे मोजतात, त्यात तुडतुड्यांचाही वाटा आहे. या किडीने रस शोषला की झाड प्रतिकारासाठी गंधद्रव्ये तयार करते. तैवानच्या ‘ओरिएंटल ब्यूटी’ या चहाची कीर्तीही त्याच चाव्यावर उभी आहे. शिवाय लिनालूल हे गंधद्रव्य काळ्या चहात असते, बर्गमॉटच्या तेलात असते आणि मोगऱ्यातही असते. मग अर्ल ग्रे चहात बर्गमॉट पडले की परका कोण आला? पान आणि स्वाद यांची जवळीक रसायनातच आहे.

तिसरा हेतू सर्वांत जोरकस, आणि तो अंशतः खराही आहे. धुळीसारख्या चुऱ्यावर कृत्रिम अर्क फवारून विकलेला चहा बाजारात मिळतो. पण काही ठिकाणी दिसलेला दोष सर्वांवर लादणे ही अतिव्याप्ती झाली. दुसरे असे की स्वादाला सगळे झाकता येत नाही. नाक चिमटीत धरून एक घोट घ्या. सुगंध नाहीसा होतो. जिभेवर उरतो तो पानाचा कडूपणा, तुरटपणा आणि भरीवपणा. नाक सोडा, तोच घोट दरवळू लागतो. स्वादाचे काम मुख्यतः नाकाशी. पान निकृष्ट असेल तर जीभ ते सांगतेच. आंबटढाण चक्क्याचे श्रीखंड केशराने सुधारत नाही, तसेच हे.

आता चीनमधल्या फुजोच्या मोगऱ्याच्या चहाकडे पाहू. त्या शहराच्या मोगरा व चहाच्या संस्कृतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2014 मध्ये जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशात स्थान दिले. चहा वसंतात खुडून ठेवायचा आणि उन्हाळ्यातल्या फुलांची वाट पाहायची. भरलेल्या पण मिटलेल्या कळ्या दुपारी तोडतात. त्या संध्याकाळनंतर उमलतात. उमलत्या फुलांचे आणि सुक्या पानांचे ढीग रात्री एकत्र लावतात. ढीग तापला की तो पसरून निववायचा, पुन्हा रचायचा. सकाळी फुले चाळून काढायची, फुलांच्या ओलीने दमट झालेला चहा वाळवायचा, आणि पुन्हा ताजी फुले. उंची चहाला असे कितीतरी हात दिले जातात. शेवटी कपात फूल नसते, त्याचा गंध पानात मुरलेला असतो. याला झाकपाक म्हणणे हा त्या कारागिरीवर अन्याय आहे.

खंडनानंतर मंडन. स्वादाचा चहा चाखण्याचा छंद रसना घडवतो, कारण तिथे लक्ष दुहेरी लागते: पान काय म्हणते, स्वाद काय म्हणतो आणि दोघांचे जमते कसे. त्यासाठी एकाच जातीचा साधा आणि स्वादाचा चहा शेजारी ठेवावा. 100 मिलिलिटर पाण्याला 2 ग्रॅम पत्ती, वेळ दोन्हीला सारखी. हिरव्या पानाला उकळते पाणी नको, 80 अंशांच्या आसपासचे पुरते. एक घोट गरम घ्यावा, एक कोमट झाल्यावर. मग त्याच पत्तीवर दुसरे पाणी घालून पुन्हा. वरून चोपडलेला स्वाद सहसा पहिल्याच पाण्यात ओरडतो आणि दुसऱ्यात गप्प होतो. मुरलेला टिकतो.

मराठी घराला हे शास्त्र अनोळखी नाही. आले दुधाआधी पाण्यात चांगले उकळावे, नाहीतर दूध फाटते. वेलची शेवटी टाकावी, नाहीतर तिचा वास वाफेबरोबर जातो. गवती चहाची पात किती घालावी म्हणजे चहाचे सरबत होणार नाही, हे स्वयंपाकघरात रोज ठरते. चिनी हिरव्या चहात पुदिना घालणारा मोरोक्को आणि केशर-दालचिनीचा कहवा पिणारे काश्मीर हाच विचार आपापल्या परीने करतात. या सगळ्यांना अरसिक ठरवणारी कसोटीच चुकीची आहे.

म्हणून सिद्धान्त असा: चहात स्वाद घातला आहे की नाही, हा प्रश्न गौण. स्वादाखाली पान उभे आहे का, हा खरा प्रश्न. उभे असेल तर तो चहा कुठल्याही निर्भेळ चहाच्या तोडीचा मानावा. नसेल तर तो निःसंकोच नाकारावा. पण निवाडा घोट घेतल्यावर करावा, वेष्टन वाचून नव्हे.