छोट्या दीर्घिकांमध्ये नवे तारे जन्मणे का थांबते?

डिसेंबरच्या सुरुवातीला, अमावस्येच्या आसपास, माण-खटाव किंवा जत-आटपाडीच्या अंधाऱ्या माळावर रात्री आठ वाजता वर पाहा. डोक्यावरून थोडा उत्तरेला एक पुसट, लांबट ठिपका दिसतो. ही देवयानी दीर्घिका, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर. दुर्बिणीतून तिच्याजवळ एम ३२ आणि एम ११० या दोन छोट्या दीर्घिकाही दिसतात. मोठ्या दीर्घिकेभोवती फिरणाऱ्या अशा दीर्घिकांना उपदीर्घिका म्हणतात. देवयानीत आजही तारे जन्मतात, पण या दोघींमध्ये ते जवळजवळ थांबले आहे. आपल्या आकाशगंगेच्या बहुतेक उपदीर्घिकांचीही हीच गत आहे.

तारे बनायला काय लागते?

थंड हायड्रोजन वायू. तो गुरुत्वाकर्षणाने आकसतो आणि त्यातून तारा जन्मतो. वायू संपला की नवे तारे बंद. जुने तेवढे चमकत राहतात.

मग वायू जातो कुठे?

समोरचा वारा : मोठ्या दीर्घिकेभोवती लाखो अंश तापमानाचा विरळ वायू पसरलेला असतो. उपदीर्घिका त्यातून सेकंदाला दोन-तीनशे किलोमीटर वेगाने जाते. हवा स्थिर असली तरी महामार्गावर दुचाकीस्वाराच्या तोंडावर वारा आदळतो, तसेच इथे होते. हा दाब तिचा वायू मागे ढकलून काढतो.

आवक बंद : बाहेरून येणारा नवा वायू मोठ्या दीर्घिकेजवळ मिळेनासा होतो. ओढा आटलेल्या तलावासारखा उरलेला साठा हळूहळू संपतो.

आतले स्फोट : मोठे तारे फुटतात तेव्हा वायू बाहेर फेकला जातो. छोट्या दीर्घिकेचे गुरुत्वाकर्षण कमी असल्याने तो परत येत नाही.

सुरुवातीचा ताप : विश्वाच्या पहिल्या अब्ज वर्षांत अतिनील किरणांनी सगळीकडचा वायू तापला. अगदी लहान दीर्घिकांना तो धरून ठेवता आला नाही. त्यांचे बहुतेक तारे १२ अब्ज वर्षांहूनही जुने आहेत.

हे कळले कसे?

हायड्रोजन २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतो. जुन्नर तालुक्यातील खोडदजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीने (४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना) अनेक फिकट बटुदीर्घिकांमधला असा वायू मोजला आहे. आकाशगंगेपासून सुमारे दहा लाख प्रकाशवर्षांच्या आतल्या जवळजवळ सर्व छोट्या उपदीर्घिका कोरड्या आहेत. त्याहून दूर असलेल्या चिमुकल्या 'लिओ टी'कडे मात्र वायू शिल्लक आहे.

मॅगेलनचे दोन मेघ हा ठळक अपवाद. ते वजनदार आहेत आणि आकाशगंगेजवळ बहुधा अलीकडेच आले आहेत, म्हणून त्यांच्यात तारे अजून जन्मतात. पण त्यांचाही वायू निसटू लागला आहे. त्याचा लांबलचक पट्टा आकाशात पसरलेला आहे. सांगलीतून मोठा मेघ दक्षिण क्षितिजाला जेमतेम चिकटून उगवतो, त्यामुळे धुरक्यात सहसा दिसत नाही.

थोडक्यात

एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला धो-धो पाऊस पडतो आणि सह्याद्रीच्या आडोशाला माण कोरडा राहतो. पाऊस किती मिळणार, हे जागा ठरवते. दीर्घिकांचेही बरेचसे तसेच आहे. तारे बनणे कधी थांबणार हे केवळ वयावर नाही, तर आकार किती आणि शेजार कोणाचा यावर ठरते.