मडक्यातला नाग आणि आपले पाच अतिचार



श्रावण शुद्ध पंचमीला नागपंचमी आणि दोनच दिवसांनी पार्श्वप्रभूंचे निर्वाण, आपली मुकुटसप्तमी. दोन्हीकडे नाग आहेच. म्हणून या वेळी बत्तीस शिराळ्याच्या नागांचा इतिहास लिहिते. सांगली-कोल्हापूरकडच्या आपल्या बायकांना तो ऐकून माहीत असतो. पण रानातला नाग आणून घरात ठेवायचा, या भागाकडे श्राविकेच्या नजरेने फारसे कुणी पाहत नाही.

शिराळा हे सांगली जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. पूर्वी बत्तीस खेड्यांचे मुख्य ठिकाण, म्हणून बत्तीस शिराळा. आख्यायिका अशी की गोरक्षनाथ महाजनांच्या दारी भिक्षेला आले, तेव्हा घरातली बाई मातीच्या नागाची पूजा करत होती. भिक्षा वाढायला उशीर झाला. कारण कळल्यावर नाथांनी विचारले, जिवंत नागाची पूजा करशील का? ती हो म्हणाली, आणि तेव्हापासून जिवंत नाग पुजायची प्रथा पडली.

पूजा एका दिवसाची, तयारी मात्र पुष्कळ दिवसांची. पंचमीच्या बऱ्याच आधीपासून गावातले तरुण काठ्या घेऊन शेताच्या बांधांवर नाग शोधत फिरत. सापडलेला नाग मडक्यात घालायचा, तोंडाला फडके बांधायचे आणि मडके घरात जपून ठेवायचे. पंचमीला अंबाबाईच्या देवळात नेऊन मग बैलगाड्यांतून, पुढे पुढे ट्रॅक्टरवरून मिरवणूक. कोणाचा नाग फणा किती उंच काढतो याच्या स्पर्धासुद्धा लागत. सण झाला की नाग जिथून आणला तिथे सोडून देत. शिराळकरांच्या बाजूने हे सांगायलाच हवे की ते नागाचे दात काढत नसत, आणि बायका त्याला भाऊ मानून ओवाळत.

गारुड्याच्या टोपलीतला नाग याहून फार दुर्दैवी. विषाचे दात उपटलेले, तोंड चिघळलेले, आणि पंचमीला दूध प्यावे म्हणून आधी कित्येक दिवस पाण्याचा थेंब नाही. तहानेने तो समोर येईल ते पितो आणि आपण म्हणतो, नाग दूध प्याला! दूध हे त्याचे अन्नच नव्हे, ते त्याला बाधते.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत शिकलो: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. टोपलीतल्या नागाच्या बाबतीत यांतले निदान तीन घडतात. मडक्यातल्या नागाच्या बाबतीत वरवर पाहता एकच, तो म्हणजे बंध. पण एवढ्यावर भागत नाही. नाग उंदीर, बेडूक खातो. रानात खातो तो त्याचा स्वभाव, त्याचे कर्म. घरात ठेवला की एक तर उपाशी ठेवायचा, म्हणजे अन्नपाननिरोध आला. नाही तर उंदीर पकडून त्याच्या पुढ्यात टाकायचा, म्हणजे कारित हिंसा आली. मिरवणूक बघून टाळ्या वाजवल्या तर अनुमोदना. मी कॉमर्सची, खतावणी जुळवायची सवय. ही काही केल्या जुळत नाही.

अडचण एकाच ठिकाणी वाटते. सर्पदंशावरची लस नागाच्याच विषापासून होते. तमिळनाडूत इरुळा लोकांची सहकारी संस्था 1978 पासून हे काम करते. तेही साप पकडतात, मडक्यात काही आठवडे ठेवतात, विष काढून घेतात आणि रानात सोडतात. बंध तिथेही आहेच. पण आपल्याकडची कितीतरी जैन घरे शेतकरी आहेत, पहाटे उसाला पाणी पाजायला जाणारी. ती लस आपणही घेतो. त्या मडक्याला मला सरसकट नावे ठेववत नाहीत.

शिराळ्याची प्रथा थांबली ती कायद्याने. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय नाग पकडणे, घरी ठेवणे हा गुन्हा आहे. पण हा कायदा शिराळ्यात काटेकोर लागू झाला तो मुंबई उच्च न्यायालयाने बजावल्यानंतर, गेल्या दहा-बारा वर्षांत. आता पूजा प्रतिमेची होते. गावाला वाईट वाटले, अजूनही वाटते. 2025 मध्ये केंद्राने शैक्षणिक कारणासाठी, मर्यादित संख्येत नाग पकडू दिले, तेव्हा गावाला किती आनंद झाला! मला तो आनंद कळतो. पण आख्यायिकेतल्या त्या बाईची पूजा मुळात मातीच्या नागाचीच होती, हे कुणी ध्यानात घेत नाही.

आपली कथा आठवा. वाराणसीत तापसाने लाकडावर कुऱ्हाड चालवली, आत नाग-नागिणीचे जोडपे होते. राजकुमार पार्श्वांनी त्याला आधी सावध केले, त्याने ऐकले नाही. मरणाऱ्या त्या जीवांना पार्श्वांनी धर्म ऐकवला. तेच पुढे धरणेंद्र-पद्मावती झाले आणि उपसर्गाच्या वेळी स्वतःहून फणा धरायला आले. त्यांना कुणी धरून आणले नव्हते.

पावसाळ्यात साप घरात शिरला तर काठी उचलू नका, आणि बरणीत घालून नातवंडांना दाखवायला ठेवूही नका. खोलीचे दार लावून घ्या, दाराच्या फटीला कापड लावा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.