अनारसे हसले, तूप पेटलं

दुपारी ३. जाळ अजून अडीच तास लांब. दिवाळी अंकातलं अनारशांचं पान काकांनी ओट्याशी टेकवून ठेवलं. तांदूळ तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला, सावलीत सुकवा, दळा, गुळात कालवून गोळा चार-पाच दिवस मुरवा. एवढा मजकूर ओलांडून काकांनी दुकानातून तयार पीठ आणलं. हल्ली बरीच घरं हेच करतात, त्यात गैर काही नाही.

दुपारी ४. पीठ कोरडं निघालं. 'थोडं पिकलं केळं घाला,' असं अंक म्हणतो. थोडं म्हणजे किती, हे पाककृती लिहिणारे सांगतील तर शपथ! काकांनी अख्खं केळं घातलं.

साडेचार. टीव्हीवर 'अशी ही बनवाबनवी' लागला. सिनेमा १९८८चा, घरात सगळ्यांना पाठ, तरी कोणी उठेना.
"अहो, तूप ठेवलंय ना?"
"मंद आचेवर आहे गं."

पाच दहा. पहिला अनारसा कढईत गेला. खसखशीची बाजू वर ठेवायची, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. कढईवरून नजर काढायची सोयच नाही. नेमके तेव्हाच लक्ष्मीकांत बेर्डे साडी नेसून पडद्यावर आले आणि काका झाऱ्यासकट दारात.

पाच पंधरा. अनारसा हसला, म्हणजे तुपात विरून त्याचा चुरा झाला. पिठात ओल जास्त होती. काकांचं निदान: तूप थंड. तेही अगदीच खोटं नाही, थंड तुपातही अनारसा हसतो. त्यांनी गॅस मोठा केला आणि 'एवढा सीन' बघायला गेले.

पाच पंचवीस. चुऱ्यातला गूळ काळा पडला, कढईतून धूर निघू लागला. हीच गॅस बंद करायची शेवटची वेळ. हॉलमध्ये हशा चालला होता.

साडेपाच. तूप पेटलं. पुतण्या तांब्या भरून धावला.
"पाणी नको रे!" काकूंनी गॅस बंद केला, परात कढईवर सरकवली. जाळ कोंडला.

पाणी तुपाखाली जातं, क्षणात वाफ होऊन सुमारे १७००पट फुगतं आणि पेटतं तूप घरभर उडवतं. म्हणून तळताना मोठं झाकण हाताशी ठेवा आणि कढई निवेपर्यंत ते उचलू नका. उरलेल्या पिठात थोडी तांदळाची पिठी मळा, म्हणजे अनारसे हसणार नाहीत. तळायला मात्र सिनेमा संपल्यावरच बसा.