डाळीला मोड येत नाहीत

तुर्कांनी डिसेंबर १९१५ मध्ये मेसोपोटेमियातल्या कूट-अल-अमाराला वेढा घातला, तेव्हा आत अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणीही होत्या. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी कितीतरी आठवडे घोड्याचं मांस नाकारलं. त्यांच्या हिरड्या सुजल्या, दातांतून रक्त येऊ लागलं. ते मांस खाणारे गोरे शिपाई या स्कर्व्हीतून बरेचसे सुटले. वेढ्याबाहेरच्या फौजेतही १९१६ मध्ये हजारो हिंदी शिपाई तिने आडवे झाले.

मटकी-हुलगे फडक्यात बांधून मोड आणणाऱ्या घरांतली ही माणसं! पण रेशनमध्ये यायची डाळ. दाण्याची साल काढून दोन फाका केल्या, की तो रुजायचा नाही.

स्कर्व्हीचं औषध मोडात आहे ही शंका जुनीच. कॅप्टन कुकने १७६८ च्या सफरीवर माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, नेलं आणि त्याच्या काढ्याची वाखाणणीही केली. दुर्दैवाने भट्टीत वाळवताना नेमकं हवं तेच जळून जातं. नॉर्वेत फुर्स्ट या संशोधकाने १९१२ मध्ये गिनीपिगांना ओले मोड चारले, तेव्हा कुठे खरी गोष्ट दिसली.

लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम यांनी महायुद्धातच ते काम पुढे नेलं. कडधान्य अख्खं, सालासकट हवं. दिवसभर भिजवा, मग दोन दिवस ओलं आणि हवेशीर ठेवा, शिजवा मात्र थोडंच, असा त्यांचा सल्ला. कुठल्याही मावशीने तो फुकट दिला असता, शेवटची अट सोडून! १९१८ मध्ये सर्बियन सैनिकांवर विल्टशर या डॉक्टरने मोडांची लिंबाच्या रसाशी तुलना केली. मोड आलेला घेवडा सरस ठरला. या गुणामागच्या क जीवनसत्त्वाची ओळख पटायला अजून १४ वर्षं होती.

शेवटच्या अटीवर आपली उसळ नापास होते. कुकरच्या तीन शिट्ट्यांत त्यातलं बरंचसं क जातं. तरी कच्चे मोड खाण्याचा आग्रह मला पटत नाही. जर्मनीत २०११ मध्ये मेथीच्या मोडांतून पसरलेल्या ई. कोलायने पन्नासच्या आसपास माणसं दगावली. ओल आणि ऊब दाण्याइतकीच जंतूंनाही मानवते. झाकण ठेवून एक वाफ काढावी, लिंबू वरून पिळावं.